वादळाआधीचे तीन दिवस, नंतरचे तीन आठवडे: कोकणातल्या घराची तयारी

चक्रीवादळ गावावरून जायला काही तास लागतात. डोक्यावरचं छप्पर, वीज आणि पाणी परत जागेवर यायला मात्र आठवडे जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या कित्येक घरांवरचे पत्रे आणि कौलं दुपारच्या दुपारी गेली, वीज मात्र काही गावांत आठवडे उलटले तरी आली नव्हती. त्यामुळे वादळाच्या तासांसाठी छप्पर सांभाळायचं आणि बाकीची सगळी तयारी नंतरच्या दिवसांसाठी करायची, असा हिशोब ठेवावा.

नाव पडण्याची वाट पाहू नका

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याला वादळाचं नाव मिळतं ते वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर. निसर्ग २ जूनच्या दुपारी चक्रीवादळ झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्यावर होतं. नाव ऐकून कामाला लागलेल्यांच्या हाती जेमतेम एक दिवस उरला. हवामान खातं साधारण ७२ तास आधी पहिली पूर्वसूचना देतं, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारंगी आणि शेवटच्या १२ तासांत लाल. तुम्ही पूर्वसूचनेलाच सुरुवात करा. वादळ वळून गेलं तर वाया जाणार काय? भरलेलं पाणी आणि दळून आणलेलं पीठ.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नकाशांवर विसंबू नका. हवामान खात्याचं बुलेटिन, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष (१०७७) आणि तलाठी-ग्रामपंचायतीकडून येणारी सूचना एवढंच धरून चला. मार्ग दाखवणारी रेघ हा अंदाज असतो. तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तुमच्या गावावरून जात असेल, तर वादळ तुमच्याकडेच येतंय असं समजा.

आपलं गाव त्या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे, हेही बघून ठेवा. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत किनाऱ्याला लागत असेल, तर त्याच्या दक्षिणेकडच्या गावांत वारा समुद्राकडून येतो आणि पाणीही आत ढकलतो. खाडीकाठच्या आणि पुळणीलगतच्या घरांना त्या बाजूला सगळ्यात जास्त धोका, आणि त्यातच अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर फारच. उत्तरेकडच्या गावांत वारा आधी पूर्वेचा, मग उत्तरेचा होतो. केंद्र डोक्यावरून गेलं तर वारा आधी आग्नेयेकडून, म्हणजे डोंगराच्या बाजूने येतो आणि नंतर वायव्येकडून, समुद्राच्या बाजूने. पश्चिमेच्या खिडक्या तेवढ्या बंद करून बसलेल्या घरात पाणी मागच्या दाराने शिरतं ते यामुळे.

छप्पर का उडतं

वारा छप्पर दाबून मोडत नाही, उचलतो. उतारावरून जोराने सरकणारी हवा वरून ओढते आणि पागोळीखाली अडकलेली हवा खालून ढकलते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. सगळ्यात जास्त ओढ कडांवर, कोपऱ्यांवर आणि आढ्यावर बसते. एकदा पागोळीचा पहिला पत्रा सुटला की पुढचे पटापट जातात. म्हणून वेळ, पैसा आणि माणूस कमी असेल तर सगळं छप्पर हातात घेऊ नका, कडा धरा.

कौलारू घर: मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं असतं आणि केवळ वजनावर रिपेला टेकून बसलेलं असतं. पागोळीच्या खालच्या दोन ओळी, दोन्ही बाजूंच्या कडेच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची ओळ तारेने रिपेला बांधून घ्या. कौलाच्या पोटाला तारेसाठी भोक असतं, त्यातून गंज न धरणारी तार ओवून रिपेभोवती पिळायची. आढ्यावरची कोनाची कौलं सिमेंट-वाळूत बसवा. हा माल एप्रिल संपायच्या आत बसलेला हवा, वादळाच्या आदल्या दिवशी लावलेलं सिमेंट काही कामाचं नाही. वासे भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडाला एका खिळ्यावर टेकलेले असतील, तर प्रत्येक वाशाला लोखंडी पट्टी वाकवून दोन्हीकडून स्क्रू मारा. कौलं गेली तर चार दिवसांत बसतील, वासे गेले तर घर उघडं पडतं.

पत्र्याचं घर: जे-हुक किंवा स्क्रू पागोळीला, आढ्याला आणि कडेला एकाआड एक उंचवट्यावर हवेत, मधल्या भागात थोडे विरळ चालतात. रुंद वॉशर आणि त्याखाली रबर असायलाच हवं. वॉशर लहान असेल तर हुक जागेवर राहतो आणि पत्रा त्यातून फाटून जातो. वादळानंतर परळीनला (पत्रे ज्यावर बसवतात त्या आडव्या पट्टीला) नुसते हुक लटकलेले दिसतात ते यामुळेच. खारी हवा हुक आतून खाते, म्हणून दर मे महिन्यात पान्याने प्रत्येक नट फिरवून बघा, झिजलेला बदला. पत्रा भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका.

अंगणातली पत्र्याची शेड घराच्या छपराला जोडलेली असते तिथे विशेष लक्ष द्या. ती तिन्ही बाजूंनी उघडी असते, वारा तिच्याखाली शिरतो आणि ती जाताना घराचे पत्रेही ओढून नेते. ४८ तास हातात असतील तर तिचे पत्रे उतरवून जमिनीवर रचा, वरून दोरी आणि चिरे टाका. नवीन शेड बांधणार असाल तर तिचे खांब आणि परळीन घरापासून वेगळेच ठेवा.

छपरावर दगड किंवा चिरे ठेवायची सवय सोडलेली बरी. पत्रा सरकला की तेच दगड खालच्या माणसावर येतात. वजन ठेवायचंच तर अर्धी भरलेली वाळूची पोती ठेवा, तीही परळीनच्या रेषेवर आणि एकमेकांना दोरीने बांधून. छपरावरून आडवी दोरी टाकून बांधणार असाल तर किमान १२ मिलिमीटरचा नायलॉन दोर घ्या आणि त्याची टोकं काँक्रीटच्या खांबाला किंवा चौथऱ्यातल्या कडीला बांधा. माडाला बांधू नका. तो आधी हलतो, मग पडतो, आणि छप्पर घेऊन पडतो.

झाडं, टाकी आणि अंगण

घरावर वाकलेली आंबा-फणसाची फांदी मे महिन्यातच उतरवा. शेवटच्या दिवशी ओली फांदी तोडली तर ती उचलायला वेळ मिळत नाही आणि वारा तीच दारावर आणून आदळतो. घराजवळच्या माडांचे तयार नारळ आणि सुकलेल्या झावळ्या काढून घ्या. पोफळीची बाग वाचवण्यासारखं त्या तीन दिवसांत फारसं हातात नसतं, पण झाडं मोजून ठेवा. आंबा, माड, पोफळी, काजू, प्रत्येकाची संख्या आणि मोबाइलवर बागेचा चारी बाजूंनी फोटो. पंचनाम्याला ते लागणार आहे.

गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी काठोकाठ भरा. ५०० लिटरची रिकामी टाकी वारा सहज उचलतो, भरली की ती अर्ध्या टनाची होते. मात्र ती लोखंडी स्टँडवर असेल आणि स्टँडचे पाय गंजलेले असतील तर पाणी खाली पिंपांत काढा आणि टाकी जमिनीवर आणा. सोलर हीटरच्या काचा, डिशची थाळी, कुंड्या, खुर्च्या, सायकल, तुळशीजवळचं सुटं सामान आत घ्या.

गुरं गोठ्यात बांधून ठेवू नका. गोठ्याचं छप्पर बहुतेक वेळा सगळ्यात कच्चं असतं. जवळ पक्की जागा असेल तर तिथे न्या, नसेल तर दावं सोडून मोकळ्या उंच जागेवर सोडा, मोठ्या झाडांपासून आणि विजेच्या तारांपासून लांब.

दारं-खिडक्या

वादळात खिडकी उघडी ठेवली की घरातला दाब सुटतो आणि छप्पर वाचतं, हे अनेक जण खात्रीने सांगतात. ते चूक आहे. आत शिरलेला वारा छपराला खालून रेटतो, म्हणजे वरच्या ओढीला मदतच करतो. सगळं बंद ठेवायचं, वाऱ्याच्या उलट बाजूचंसुद्धा.

गजांची, लाकडी झडपांची जुनी खिडकी चांगली टिकते, तिच्या कडी-कोयंड्याचे स्क्रू तेवढे घट्ट करा. खरी अडचण अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची. झडप रुळातून निखळते आणि खालच्या पन्हाळीतून पाणी घरात येतं. तिच्यावर बाहेरून १२ मिलिमीटरचा प्लायवुड मारा. कडेपासून चार इंच जास्त ठेवून, दर फुटाला एक स्क्रू, आणि स्क्रू भिंतीत, चौकटीत नव्हे. ८ बाय ४ च्या एका फळीत सव्वातीन फुटी दोन खिडक्या जेमतेम बसतात. फळ्या आधीच कापून, भोकं पाडून, मागे "माजघर डावी" असं लिहून ठेवल्या तर ऐन वेळी एका खिडकीला दहा मिनिटं पुरतात. काचेवर चिकटपट्टीची फुली मारल्याने काच फुटायची थांबत नाही, तुकडे मात्र मोठे पडतात. तो वेळ प्लायवुडला द्या. दुपाखी मुख्य दाराला आगळ असेल तर लावाच. ती काढून टाकली असेल तर आतून आडवा वासा दोन कड्यांत अडकवण्याची सोय करा, कारण दोन पाखांमधली कडी एका जोरदार झोताने वाकते.

वीज नसलेल्या घराचा हिशोब

वीज गेली की पंप बंद, पंप बंद की विहीर असूनही पाणी नाही. रहाट काढून टाकलेल्या घरांनी सगळ्यात आधी कप्पी, पुरेसा लांब दोर आणि दोन बादल्या शोधून ठेवाव्यात आणि कप्पी एकदा बसवून पाणी काढून बघावं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज चार लिटर धरा. पाच जणांच्या घराला सात दिवसांचे १४० लिटर झाले. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरा. धुण्या-सांडण्याचं वेगळं.

गिरणीही विजेवरच चालते. पाच जणांना दहा दिवस पुरेल असं ५ किलो पीठ दळून आणा, सोबत १० किलो तांदूळ आणि अडीच किलो डाळ. नाचणी असेल तर तीही दळून. पोहे, गूळ, शेंगदाणे, लहान मुलं असतील तर दुधाची पावडर. फ्रिजवर अवलंबून काहीही घेऊ नका. गॅसचा भरलेला सिलिंडर असला तरी करवंट्या, सोडणं आणि सुकी लाकडं घरात, चिऱ्यांवर उंच रचून ठेवा. छप्पर गळलं की मांगरातलं लाकूड आधी भिजतं.

१५० अ‍ॅम्पिअर-अवरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती पूर्ण संपवायची नसते. वापरता येणारी वीज हजार वॅट-तासांच्या आसपास धरा. ९ वॅटचे तीन दिवे लावलेत, तर इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून एक दिवसभर निघतो. एक पंखा जोडलात की दहा तासांत खेळ आटोपतो. पहिल्या रात्रीपासून एकच दिवा आणि मोबाइल, एवढंच चालवा. भाड्याने जनरेटर आणलात तर मीटरनंतरचा मेन स्विच पूर्ण बंद केल्याशिवाय घराच्या वायरिंगला जोडू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. जनरेटर पडवीत किंवा बंद खोलीत चालवायचा नाही, धुरातला विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

या सामानाची एकच पेटी करा आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या:

- सेलवरचा रेडिओ, दोन बॅटऱ्या, जादा सेल, भरलेली पॉवर बँक
- शंभर-पन्नासच्या नोटांत १० दिवसांची रोकड, कारण एटीएम आणि क्यूआर दोन्ही टॉवरवर चालतात
- रोजच्या गोळ्या किमान १५ दिवसांच्या, औषधाची चिठ्ठी, ओआरएसची दहा पाकिटं, जखमेची पट्टी-मलम, पिण्याच्या पाण्यात टाकायचं मेडिक्लोर
- सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, पासबुक, विम्याचे कागद, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, आणि सगळ्यांचे फोटो मुंबईतल्या एका नातेवाइकाच्या मोबाइलवर
- २४ बाय १८ फुटी जाड ताडपत्री, दोर, खिळे, हातोडी, कोयता, करवत, हातमोजे

इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालू असलेली बाटली माठात, डब्यात घालून ठेवावी. थंडावा टिकला तर ती साधारण चार आठवडे चालते. डायलिसिसवरच्या रुग्णाने आणि नवव्या महिन्यातल्या बाईने गावात थांबायचंच नाही. रस्ता झाडांनी अडायच्या आत, म्हणजे ४८ तास आधी, त्यांना तालुक्याला किंवा शहरात पोचवा. आशाताईंना आधी सांगून ठेवा.

कोण कुठे थांबणार

हा निर्णय ताणू नका. पुळणीवर, खाडीकाठी किंवा उतारावर दरडीखाली घर असेल, किंवा मातीच्या भिंती असतील, तर नारंगी इशाऱ्यालाच निघा. शाळा, निवारा केंद्र किंवा गावातलं स्लॅबचं घर. म्हातारी माणसं "आयुष्यभर इथेच काढलं, आता कुठे जायचं" म्हणतात. त्यांच्याशी आदल्या रात्री शांतपणे बोला. मामा, काका, ज्यांचा शब्द ते ऐकतात त्यांना फोन करायला लावा. लाल इशाऱ्यानंतर खुर्चीत बसवून न्यायची वेळ येऊ देऊ नका.

घरातच थांबणार असाल तर आधी खोली ठरवा. कौलारू घराच्या मागे स्लॅबचं संडास-न्हाणीघर असतं, तीच अनेकदा घरातली सगळ्यात भक्कम जागा. तिथे जाजम, पाणी, रेडिओ आणि प्रत्येकाची चप्पल ठेवा. फुटक्या कौलांवरून अनवाणी चालून पाय कापून घेतलेली माणसं वादळानंतरच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त दिसतात. निघण्याआधी मेन स्विच खाली, गॅसचा रेग्युलेटर बंद.

मुंबई-पुण्याची मुलं सगळ्यांना एकाच वेळी फोन करतात आणि गावातल्या मोबाइलच्या बॅटऱ्या बोलण्यातच संपतात. बाहेरगावची एक व्यक्ती ठरवा. गावातून तिला मेसेज जाईल आणि ती पुढे सगळ्यांना कळवेल.

वारा अचानक थांबला, ऊन पडलं, तर वादळ गेलं असं समजू नका. केंद्र डोक्यावर असू शकतं, आणि काही मिनिटांत वारा उलट्या बाजूने तितक्याच जोराने येतो. पत्रा उचलायला, गुरं बघायला बाहेर पडायचं नाही. वादळ पुढे सरकल्याचं रेडिओवर ऐकल्याशिवाय दार उघडू नका.

दुसऱ्या दिवशी

पडलेली तार बंद आहे असं कधीही गृहीत धरू नका, ओल्या कुंपणाच्या तारेचंसुद्धा तसंच. कौलांच्या आणि लाकडांच्या ढिगात साप बसतात. हात घालण्याआधी काठीने हलवा. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका. तो वरून धड दिसतो आणि मधोमध फुटतो. चढायचंच तर परळीनवर लांब फळी टाकून, आणि खाली एक माणूस उभा ठेवून. अर्धवट आडवा झालेला माड मुळाकडून कापला तर बुंधा उसळी मारून उभा राहतो. तो शेंड्याकडून तुकडे करत यावा.

ताडपत्री टाकताना तिच्या काठच्या कड्यांवर भरवसा नको, पहिल्याच पावसाळी वाऱ्यात त्या फाटतात. ताडपत्रीचा काठ रिपेभोवती दोन वेढे गुंडाळा आणि रीपच वाशाला ठोका. वरचा काठ आढ्यापलीकडे तीन फूट उतरवा, नाहीतर पाणी आढ्यावरून आत येतं.

विहिरीत खारं पाणी किंवा पुराचं पाणी शिरलं असेल तर आधी उपसा. मग विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, इतके लिटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे ७० ग्रॅम, आणि पाणी घाण झालेलं असेल तर दुप्पट. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत सोडा आणि पाण्याखाली हलवा. एक तास थांबा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची चाचणी, करून घ्या. उघड्या पिशवीतली जुनी टीसीएल निकामी झालेली असते. शंका असेल तर पाणी उकळूनच प्या. चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर गमबूट घाला, आणि नंतर ताप आला तर लेप्टोची तपासणी लगेच करून घ्या.

साफसफाई सुरू करण्याआधी प्रत्येक खोलीचे, छपराचे आणि पडलेल्या झाडांचे फोटो काढा. झाडं तोडलीत तर बुंधे तसेच ठेवा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा स्वतः हजर राहा, झाडांची संख्या तुमच्यासमोर लिहिली जाते का ते पाहा आणि कागदाचा फोटो घ्या. कोकणात मदत अडकते ती बहुतेक सामाईक सातबाऱ्यावर. नावं दहा, त्यातली सात मुंबईत, दोन वारलेली. सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आणि वारसनोंद शांत दिवसांत, गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हाच उरकून घ्या. आणि आधार बँकेला जोडलेलं आहे ना, तेही त्याच वेळी तपासा. आंबा-काजूचा फळपीक विमा काढला असेल तर नुकसानीची सूचना ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. ती मुदत आणि टोल-फ्री नंबर पॉलिसीच्या कागदावर आधीच लाल पेनाने खूण करून ठेवा, कारण त्या आठवड्यात कागद शोधायला उजेडही नसतो.

कौलं आणि पत्रे वादळानंतर महिनाभर मिळत नाहीत, मिळाली तर दर चढलेले असतात. दर उन्हाळ्यात दीडशे-दोनशे कौलं, एक किलो तार आणि पन्नासेक हुक वॉशरसकट घरात राखून ठेवा.